२२ अक्षरांचा अंमल

यहुदी गूढविद्येच्या आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘सेफेर यत्सिरा’त हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांची वाटणी अशी केली आहे की, तीन मातृअक्षरांकडे वायू, जल व अग्नी, सात द्विरूप अक्षरांकडे सात ग्रह आणि उरलेल्या बारांकडे बारा राशी व महिने सोपविलेले आढळतात, उदाहरणार्थ, ‘हे’ या अक्षराच्या अमलाखाली मेष रास आणि निसान महिना येतो. ग्रह येथे सत्ताधीश नव्हेत, तर ईश्वरोच्चारित अक्षरांचे ताबेदार होत, आणि सारे मर्म, माझ्या मते, या भेदात आहे. ग्रहांना सत्ताधीश मानणाऱ्या फलज्योतिषावर बाराव्या शतकात यहुदी पंडित अब्राहाम इब्न एझ्राने ग्रंथ रचले खरे. परंतु त्याच शतकाच्या अखेरीस यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसने दक्षिण फ्रान्समधील रब्बींना पत्र धाडून ही विद्या शास्त्र नसून निव्वळ मूर्खपणा असल्याचा निकाल दिला.