आधी पाणी, मग आम्ल

सकाळी ६.४०

शाळेचं फाटक उघडतं तेव्हा ठाण्याच्या गोखले रस्त्यावर दूधवाले आणि पाठीला सॅक अडकवून क्लासला निघालेली अकरावी-बारावीची पोरं, एवढेच असतात. नौपाड्यात इमारत तिथे क्लास. पण क्लासात परीक्षानळी नसते. ती आमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथला प्रयोगशाळा सहायक. फेब्रुवारी महिना म्हणजे दहावीच्या प्रात्यक्षिकांचा. विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे आणि उरलेले वीस गुण प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे या दिवसांत सगळ्यांना प्रयोगशाळेची आठवण येते.

कुलूप काढल्यावर आधी खिडक्या उघडतो, दिव्याचं बटण नंतर. रात्रभर बंद खोलीत स्पिरिटची वाफ साठली असेल तर बटणातली ठिणगीसुद्धा पुरते. मग एक्झॉस्ट पंखा. मग नळ सोडून बघतो. वाळूची बादली भरलेली आहे ना, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, प्रथमोपचार पेटीत कापूस आणि पट्टी आहे ना, हेही बघतो. पण खरी भिस्त नळावर. महापालिकेचं शटडाऊन असेल आणि टाकीत पाणी नसेल, तर त्या दिवशी आम्लाची बाटली कपाटातून बाहेर येत नाही. विज्ञानाच्या बाईंना हे माहीत आहे, त्या सरळ फळ्यावर समीकरणं घेतात.

सकाळी ७.१०

प्रार्थना सुरू होते तेव्हा मी द्रावणं करायला घेतो. चष्मा, हातमोजे, एप्रन. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची अडीच लिटरची तपकिरी बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर दिसतो. तो धूर म्हणजे बाहेर आलेला हायड्रोजन क्लोराइड वायू आणि हवेतला ओलावा यांची भेट. या आम्लाची तीव्रता लिटरला साधारण बारा मोल. मुलांना लागतं त्याच्या बाराव्या हिश्शाचं, म्हणून लिटरभर विरल आम्लासाठी साधारण ८५ मिली पुरतं. चंचुपात्रात आधी पाणी, मग काचकांडीवरून हळूहळू आम्ल, ढवळत ढवळत.

‘पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये’ हे वाक्य फळ्याच्या वर रंगवलेलं आहे. रोज दिसतं म्हणून कोणी वाचत नाही. कारण मात्र सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवरच छापलेलं आहे: घनता १.८४. पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, जिथे मिसळतं तिथे एवढी उष्णता बाहेर पडते की पाण्याचा तो पातळ थर उकळतो आणि आम्लासकट अंगावर उडतो. उलट, पुष्कळ पाण्यात थोडं आम्ल गेलं तर ते खाली बुडतं आणि निघालेली उष्णता सगळं पाणी मिळून झेलतं. नियम एका ओळीचा आहे, पण त्यात घनता आहे, ऊष्मादायी प्रक्रिया आहे आणि उष्णतेचा धडाही आहे.

ओतताना बाटलीचं लेबल तळहाताकडे ठेवतो. थेंब ओघळला तर तो दुसऱ्या बाजूने ओघळतो आणि नाव शाबूत राहतं. नाव पुसलेली बाटली मी वापरत नाही, कोणाला वापरू देत नाही. जास्तीचं ओतलं गेलेलं पुन्हा बाटलीत जात नाही, कारण मग बाटलीत काय आहे हे लेबलही खात्रीने सांगू शकत नाही.

सकाळी ८.३०

नववीचा वर्ग. ‘द्रव्याचे मोजमाप’ आणि ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या दोन धड्यांची उजळणी एकदमच. मोल म्हटलं की मुलं ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात असं घडाघडा म्हणतात, पण वजनकाटा समोर ठेवला की गप्प होतात. बाई विचारतात, “सोडियम हायड्रॉक्साइडचं रेणुवस्तुमान किती?” तेवीस अधिक सोळा अधिक एक, चाळीस. “मग लिटरभर पाण्यात दशांश मोल हवं तर?” थोडी कुजबुज होते. चार ग्रॅम.

चार ग्रॅम मी त्यांच्यासमोर मोजतो, काचेच्या तबकडीत, प्लॅस्टिकच्या चमच्याने. पांढऱ्या साबुदाण्यासारखे दिसणारे हे दाणे काट्यावर ठेवताच हवेतलं पाणी ओढतात, चमकायला लागतात आणि आकडा बघता बघता वाढतो. “सर, काटा बिघडला!” काटा ठीक आहे, हे दाणे हवेतून वजन घेताहेत. हात का लावायचा नाही, हे त्यानंतर वेगळं सांगायला फार लागत नाही. जो पदार्थ हवेतलं पाणी सोडत नाही, तो कातडीच्या ओलाव्याला कसा सोडेल? आम्लारी बोटांना बुळबुळीत लागतात, कारण ते कातडीवरच्या चरबीचा साबण करायला लागतात. आम्ल चटकन झोंबतं. आम्लारी मुकाट्याने काम करतो, म्हणून डोळ्यांना जास्त वाईट.

दर्शकासाठी लिटमसबरोबर हळद ठेवतो. सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावला की लाल का होतो, याचं उत्तर नौपाड्यातल्या प्रत्येक घराच्या मोरीत आहे. आम्लात हळद पिवळीच राहते, आम्लारीत लालसर. हीच संधी साधून बाई विचारतात, “संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली तर?” एक मुलगी म्हणते, “जास्त स्वच्छ होईल.” क्लोरीन वायू सुटेल, आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. वहीत समीकरण लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, “हे घरी आईला, बाबांना आणि कामाच्या मावशींना सांगायचं. हा गृहपाठ.”

सकाळी १०.००

दहावीची पहिली तुकडी. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, पायांत बूट. स्पिरिटचे दिवे मी आधीच भरून ठेवलेत. पेटता दिवा भरायचा नाही आणि फुंकून विझवायचा नाही, टोपण ठेवायचं. उजेडात स्पिरिटची ज्योत धड दिसत नाही आणि हात भाजला की मगच कळते.

आज अभिक्रियांचे प्रकार. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की चंचुपात्र हातात धरवत नाही: संयोग, आणि ऊष्मादायी. मोरचूदाच्या निळ्या द्रावणात घासून ठेवलेला लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो: विस्थापन. मोरचूदात बेरियम क्लोराइड घातलं की पांढरा अवक्षेप: दुहेरी विस्थापन. तीनही समीकरणं सगळ्यांना येतात. बाई तिसऱ्यापाशी थांबतात. “यातलं विषारी काय?”

गटागटाने उत्तरं येतात, बहुतेक चुकीची. बेरियम क्लोराइड पाण्यात विरघळतं, म्हणून पोटात गेलं तर विष. तळाशी बसलेलं बेरियम सल्फेट विरघळतच नाही, म्हणून तेच पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजतात. मूलद्रव्य तेच, बेरियम. फरक विद्राव्यतेचा. समीकरणात अवक्षेपापुढे खाली जाणारा बाण काढतात तो या फरकाचा, हे आज एकदोघांच्या डोक्यात शिरलं असावं. निदान त्यांनी तो बाण नीट काढला.

मग हॅलाइड. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब: क्लोराइडला पांढरा, ब्रोमाइडला फिकट पिवळा, आयोडाइडला पिवळा अवक्षेप. बाटली तपकिरी आणि अंधारात ठेवलेली, कारण उजेडात त्याचं विघटन होतं. बोटावर सांडलं तर डाग काळा पडतो आणि काही दिवस धुवून जात नाही. मतदानाच्या शाईतही हेच असतं, म्हणून मी दरवर्षी सांगतो की मतदान अठराव्या वर्षी करा, पंधराव्या नको.

सकाळी ११.१५

मधली सुट्टी. डबा प्रयोगशाळेबाहेर, जिन्याच्या कोपऱ्यात. आत पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

डबा खाताना डोंबिवलीचा विषय निघतो, कारण मी तिथून येतो. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. दुसऱ्या वेळी पेपरांत ‘पेरॉक्साइड’ हा शब्द आला आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांनी तो बाईंना विचारला. आमच्या कपाटातही हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली आहे. तिचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत असतो. गरम जागेत ठेवली तर वेग वाढतो, बूच घट्ट असेल तर वायू कोंडतो. काही पेरॉक्साइडांच्या विघटनातून उष्णता निघते, त्या उष्णतेने विघटन आणखी वेगाने होतं, आणि उष्णता काढून घेणारं काही नसेल तर ते थांबवणं हाताबाहेर जातं. बाईंनी त्या वेळी कारखान्यावर भाषण दिलं नाही. बाटलीवरचं ‘थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा’ मोठ्याने वाचायला लावलं, आणि अभिक्रियेच्या वेगावर परिणाम करणारे घटक तिथूनच शिकवले.

दुपारी १२.००

दुसरी तुकडी. एका मुलाच्या हातावर विरल आम्ल सांडतं. शेजारचा हुशार, तो खाण्याच्या सोड्याची बरणी घेऊन धावतो. “सर, उदासिनीकरण!” मी बरणी काढून घेतो आणि त्या मुलाचा हात नळाखाली धरतो, दहा मिनिटं, घड्याळ लावून. सोडा टेबलावर सांडलेल्या आम्लावर टाकतो, तो फसफसून विझतो.

हुशार मुलगा हिरमुसतो. पुस्तकाप्रमाणे तो बरोबर आहे. पण उदासिनीकरणातही उष्णता निघते, ती कातडीवर कशाला? शिवाय बरणी शोधण्यात, झाकण उघडण्यात जे क्षण जातात तेवढा वेळ आम्ल हातावरच राहतं. पाणी आम्लाला विरल करतं, वाहून नेतं आणि उष्णताही नेतं. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी आणि मग डॉक्टर. हात लालही झाला नव्हता.

दुपारी १.२०

आवराआवर. मोरचूदाचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. आमच्याकडे त्याची वेगळी बरणी आहे, तिच्यात गंजलेले खिळे आणि भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचे तुकडे टाकून ठेवतो. निळा रंग ओसरतो, फिकट हिरवट होतो, तळाशी तांब्याचा चुरा बसतो. सकाळी शिकवलेलं विस्थापन दुपारी कचरा निस्तरतं. सिल्व्हर नायट्रेटच्या उरलेल्या द्रावणात मीठ टाकलं की चांदी क्लोराइड होऊन खाली बसते, ती गाळून तपकिरी बाटलीत. हे काम दोन मुलांना हाताशी घेऊन करतो. ती कोणतीही असली तरी चालतात, फक्त ज्यांना कंटाळा येत नाही अशी हवीत.

मग साठा नोंदवही. फुटलेल्या परीक्षानळ्या, संपत आलेलं सिल्व्हर नायट्रेट, नवे ड्रॉपर. यादी मुख्याध्यापकांच्या सहीला जाईल आणि मंजूर झाली की खरेदीसाठी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला एक फेरी.

दुपारी २.३०

बाई तोंडी परीक्षेचे प्रश्न काढायला बसतात. जुन्या कागदावर पहिला प्रश्न असायचा: ‘प्रयोगशाळेत घ्यावयाच्या पाच काळज्या सांगा.’ पाचही काळज्या सगळ्यांना पाठ, आणि त्याच पोरांच्या हातात परीक्षानळी दिली की तिचं तोंड शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे. बाईंनी तो प्रश्न खोडला.

“अहो, आज दुपारी सोड्याचं काय झालं म्हणालात?” मी सांगितलं. त्यांनी लिहिलं: ‘आम्ल टेबलावर सांडले तर सोडा, हातावर सांडले तर पाणी. असे का?’ आणि समोर गुणांची वाटणी: उत्तराला एक, कारणाला दोन.