बांधकामाचे छायाचित्र आणि उजेडाची साक्ष

इमारत पुरी झाली म्हणजे तिचे रूप सर्वांनाच दिसते. परंतु जिच्या आधारावर ती उभी असते ती रचना तोपर्यंत झाकली गेलेली असते. पायाचा भराव, स्लॅबमधील सळयांची जाळी, भिंतीत दडविलेले नळ यांचे दर्शन एकदाच घडते. काँक्रीट ओतले की ते कायमचे मिटते. पुढे तडा गेला, गळती लागली किंवा कंत्राटदाराच्या देयकावरून वाद उद्भवला, तर मोजमाप-पुस्तिकेतील आकड्यांना दुजोरा कोणी द्यावयाचा? हे काम छायाचित्राकडे सोपविण्याची प्रथा जुनी आहे. लंडनच्या हाइड पार्कातील क्रिस्टल पॅलेस १८५०च्या दशकात सिडनहॅम येथे पुन्हा उभारला जात असता, फिलिप डेलामोट यांनी त्या कामाची प्रगती टप्प्याटप्प्याने टिपली होती.

त्या काळचा कॅमेरा एकाच दिशेस पाहत असे. आता सभोवारचे ३६० अंशांचे दृश्य एका चित्रात सामावून घेणारे कॅमेरे बांधकामावर वापरले जातात. त्यांचा मोठा गुण असा, की त्या दिवशी कोणास महत्त्वाची न वाटलेली गोष्टही चित्रात नोंदली जाते. मात्र उजेडाचा प्रश्न याच गुणामुळे बिकट होतो. साधा छायाचित्रकार सूर्याला पाठीशी घेऊन उभा राहतो. सर्वदर्शी कॅमेऱ्याला पाठच नसते. झगझगीत आकाश आणि स्लॅबखालचा काळोख हे दोन्ही त्याला एकाच वेळी पाहावे लागतात.

भर दुपारच्या उन्हात खांबांच्या गडद सावल्या पडतात आणि त्यांत सळया दिसेनाशा होतात. याउलट पातळ ढगांनी आकाश झाकले असता प्रकाश चहूकडे विखुरतो व कानाकोपरा सारखा उजळतो. उघड्या कामासाठी अशी वेळ सर्वांत उत्तम. ती न लाभल्यास कॅमेरा एखाद्या खांबाच्या सावलीत ठेवावा, म्हणजे सूर्यबिंब तरी आड होते. प्रत्येक खेपेस जागा व वेळ एकच ठेवणे हेही अगत्याचे. नाहीतर सरकलेली सावली कामातील बदलासारखी भासते. सारख्या उजेडाला एक मर्यादाही आहे. बारीक तडा किंवा गिलाव्याचा उंचसखलपणा त्यात बुजून जातो. त्यासाठी बाजूने तिरपा दिवा धरून जवळचे निराळे चित्र घ्यावे.

बंद खोलीत खिडकी पांढरीफेक आणि कोपरे काळे पडतात. यावर उपाय म्हणजे तिकाटणे न हलविता कमी-अधिक प्रकाशाची तीन किंवा अधिक चित्रे घेऊन ती एकत्र करणे. माणसे हलत असल्यास त्यांच्या दुहेरी आकृत्या उमटतात. म्हणून मजुरांच्या जेवणाची सुट्टी या कामास सोयीची. दिव्यांचा झोत सरळ न टाकता पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर टाकावा. कॅमेऱ्यालगतच्या फ्लॅशने हवेतील धूळच चमकून उठते. दिवे एकाच जातीचे असावेत. पिवळ्या व निळसर प्रकाशाची भेसळ झाली, तर गंज कोणता आणि चिखल कोणता हे सांगता येत नाही. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने साधे दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतात. अतिशय अल्प अवधीच्या चित्रात त्याचे काळे पट्टे उमटू शकतात. १/५० सेकंदाचा अवधी दिल्यास ते टळतात.

भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ साली महामार्गांच्या कामांचे दरमहा ड्रोनद्वारे चित्रीकरण बंधनकारक केले. अशा नोंदींची संख्या यापुढे वाढतच जाईल. परंतु काळोखात बुडालेली सळई हजार चित्रांत असली तरी मोजता येत नाही. योग्य उजेडासाठी अर्धा तास थांबण्याचा खर्च, पुढे शंका निवारण्यासाठी स्लॅब फोडून पाहण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.