अंड्याएवढी गाडी : इझेटा की मेसरश्मिट?

पाहुण्यांचा चारमिनार आणि सालारजंग पाहून झाला की आम्ही त्यांना बहादूरपुऱ्यातल्या सुधा कार म्युझियममध्ये नेतो. बूट, पर्स, क्रिकेटचा चेंडू अशा आकारांच्या, हाताने घडवलेल्या आणि खरोखर चालणाऱ्या मोटारी तिथे आहेत. गेल्या सुट्टीत भाच्याने विचारलं, "मामा, एवढ्याशा गाड्या कधी दुकानात विकल्या जायच्या का?"

विकल्या जायच्या, आणि लाखाच्या हिशेबात! दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लोकांच्या हाती पैसा कमी होता. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलही टंचाईत गेलं. स्कूटरपेक्षा बरी आणि मोटारीपेक्षा स्वस्त अशी गाडी हवी होती. त्यातल्या दोन आज संग्राहकांच्या लाडक्या आहेत.

इझेटा मूळची इटलीच्या इसो कंपनीची. बीएमडब्ल्यूने ती १९५५ ते १९६२ या काळात बनवली, दीड लाखाहून जास्त. दार एकच आणि तेही समोर! दार उघडलं की स्टिअरिंगही त्याच्यासोबत बाजूला होतं. इंजिन मोटारसायकलच्या घराण्यातलं, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. दोघं शेजारी बसतात, त्यामुळे गप्पा मारत जाता येतं.

मेसरश्मिट केआर-२०० ही विमानं बनवणाऱ्या कंपनीची गाडी. फ्रिट्झ फेंड यांनी ती आखली आणि १९५५ ते १९६४ मध्ये ती सुमारे चाळीस हजार बनली. तीन चाकं, एकामागे एक आसनं, वर पारदर्शक घुमट. १९१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन उलटं फिरवलं की गाडी मागे जाते, म्हणजे मागे जायलाही चार गिअर!

मग घ्यावी कोणती? दुर्मीळपणा आणि थरार हवा तर मेसरश्मिट. पण आपल्या मे महिन्यात त्या घुमटाखाली बसायची तयारी ठेवा, आणि घेताना घुमटाला तडे नाहीत ना, ते पाहा. इझेटाचा तळ गंजलाय का, हे खाली वाकून तपासा. आणखी एक गोष्ट : २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण तो नियम दुचाकी आणि चारचाकीसाठी आहे. तीनचाकीचा सौदा करण्यापूर्वी आरटीओत विचारलेलं बरं. बहुतेक इझेटांना मागे जवळजवळ का होईना, दोन चाकं असतात. माझं मत म्हणूनच इझेटाला.

भाच्याला शेवटी इचलकरंजीची गोष्ट सांगितली. तिथे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली आणि पुढे पंचवीसेक वर्षं ती सुधारत राहिले. ती कारखान्यात कधी गेलीच नाही. इझेटाचे सुटे भाग आजही मिळतात, कारण ती जपणारे लोक आहेत. मीराची निदान आठवण तरी आपण जपायला हवी.

भाचा घरी येईपर्यंत गप्प होता. मग वही काढून त्याने एक गाडी काढली. दार समोर, आणि नाव लिहिलं : मीरा.