निकॉनचं मोफत एनएक्स स्टुडिओ: रॉ फोटोंसाठी ते पुरेसं आहे का?

नवा कॅमेरा घेतला की कुणीतरी हमखास सल्ला देतं, ‘फोटो रॉमध्ये काढ.’ सेटिंग बदललं जातं, फोटोही निघतात. पण कॉम्प्युटरवर घेतल्यावर अर्ध्या ठिकाणी या फाइल उघडतच नाहीत. जिथे उघडतात तिथे फोटो फिका, मरगळलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तर छान दिसत होता!

निकॉन वापरणाऱ्यांना यावरचा उपाय कंपनीनेच फुकट दिला आहे. त्याचं नाव एनएक्स स्टुडिओ. फोटो पाहण्यासाठीचं व्ह्यूएनएक्स-आय आणि रॉ संपादनासाठीचं कॅप्चर एनएक्स-डी ही आधीची दोन सॉफ्टवेअर एकत्र करून मार्च २०२१मध्ये ते आलं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं.

रंग इथेच का जुळतात?

जेपेग फोटो काढताना रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस हे सगळं कॅमेराच ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉमध्ये सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास तशीच राहते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला चेहरा नंतर उजळायला रॉमध्ये बराच वाव मिळतो. मात्र या माहितीचा फोटो कुणीतरी बनवावा लागतो. पीठ तेच असलं तरी पोळी घराघरात वेगळी होते, तसं प्रत्येक सॉफ्टवेअर तो आपल्या पद्धतीने बनवतं.

निकॉनच्या एनईएफ फाइलमध्ये कॅमेऱ्यातल्या ‘पिक्चर कंट्रोल’ची नोंद असते. एनएक्स स्टुडिओ ती वाचून कंपनीच्याच पद्धतीने लागू करतं, म्हणून फोटो स्क्रीनवर दिसला होता तसाच दिसतो. इतर सॉफ्टवेअरना या रंगांची नक्कल करावी लागते.

यावरून एकदा जाहीर वादही झाला होता. २००५मध्ये डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमधली व्हाइट बॅलन्सची माहिती निकॉनने सांकेतिक रूपात ठेवल्याचं उघड झालं. फोटोशॉपच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी त्यावर उघडपणे आक्षेप घेतला. कंपनीचं म्हणणं होतं, आमचं डेव्हलपर किट वापरा. बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी ते कुलूप उघडलंच. पण फोटो आपला आणि त्याची किल्ली कंपनीकडे, ही अडचण तेव्हा सगळ्यांना दिसली.

वापरायला कसं आहे?

सुरुवात सोपी आहे. लाइटरूमसारखं आधी फोटो इम्पोर्ट करा, कॅटलॉग बनवा, अशी भानगड नाही. डावीकडे फोल्डर निवडायचं, फोटो समोर येतात, उजवीकडे संपादनाची बटणं. फोटो काढताना फोकस पॉइंट नेमका कुठे होता, तेही एका क्लिकवर दिसतं. डोळ्यांऐवजी कानावर फोकस गेलाय हे कळणं शिकणाऱ्याला फार उपयोगाचं आहे. ‘कलर कंट्रोल पॉइंट’ ही सोयही झकास आहे: आकाशावर एक बिंदू ठेवला की ब्रश न फिरवता फक्त आकाशाचा रंग किंवा उजेड बदलता येतो.

वेग मात्र खटकतो. ४५ मेगापिक्सेलच्या फाइलवर स्लायडर सरकवला की परिणाम दिसायला थोडं थांबावं लागतं. दहावीस फोटोंसाठी हे चालून जातं, लग्नाच्या हजारभर फोटोंसाठी नाही. लेयर नाहीत, पॅनोरमा जोडता येत नाही. आणि इतर कंपन्यांच्या रॉ फाइल हे सॉफ्टवेअर घेतच नाही. कॅननवाल्यांना त्यांचं डिजिटल फोटो प्रोफेशनल असंच मोफत मिळतं.

तरीही, २०१५चं लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून घेता येणारं शेवटचं लाइटरूम ठरलं; आता तिथे वर्गणी भरत राहावी लागते. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याने तो खर्च सुरू करण्याआधी हे मोफत सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला हरकत नाही.

केलेलं काम कुठे गेलं?

नवख्यांची फसगत होते ती इथे. संपादनाने मूळ एनईएफ फाइलमधला फोटो बदलत नाही. केलेले बदल त्याच फोल्डरच्या आत ‘एनकेएससी_परॅम’ नावाच्या छोट्या फोल्डरमध्ये साठतात. काहीतरी फालतू आहे असं समजून ते उडवलं, किंवा पेन ड्राइव्हवर फक्त फोटो कॉपी केले, की संपादन गायब! मूळ फोटो शाबूत राहतो, पण दोन तासांची मेहनत जाते. म्हणून हलवायचं तर अख्खं फोल्डर हलवावं.

ते हलवलं तरी लाइटरूम किंवा डार्कटेबलला या नोंदी वाचता येत नाहीत. उद्या सॉफ्टवेअर बदललं, तर तिथे संपादन पहिल्यापासून करावं लागेल. त्यामुळे जे फोटो खरंच जपायचे आहेत, ते काम संपताच १६ बिट टिफमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवावेत. फाइल मोठी होते, पण ती कुठेही उघडते.