आईची खानावळ

लालबाग-परळच्या गिरण्यांवर आजवर पुष्कळ लिहून झालं. मालक, युनियन, शाहिरी, संप, सगळं त्यात आलं. पण साच्यावर आठ तास उभा राहणारा गडी दोन वेळा जेवायचा कुठे, हे फार थोड्यांनी विचारलं. तो माझ्या आईकडे जेवायचा. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून लग्न होऊन मुंबईत आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आई चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस माणसांची खानावळ चालवत होती.

खानावळ म्हटलं की आज पाटी, टेबलं आणि गल्ल्यावरचा मालक डोळ्यांसमोर येतो. गिरणगावातली खानावळ म्हणजे कुणाचं तरी राहतं घर. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे गडी बायकापोरं गावी ठेवून यायचे आणि गावकऱ्यांच्या खोलीत ट्रंक टेकवायचे. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा पथारी पसरायचा. तिथे स्वयंपाकाला जागा कुठली? मग जवळपासच्या एखाद्या बाईकडे महिन्याचं जेवण लावायचं. ते आईला वैनी म्हणत, ती त्यांना भावजी.

पहिली पाळी सकाळी सातला लागायची, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. आईचा दिवस या भोंग्यांना बांधलेला होता. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा ती उठायची. सहाच्या आत पहिल्या पाळीचे डबे भरून व्हायचे. रात्री दुसरी पाळी सुटली की केसांत, भुवयांवर कापसाची तूस घेऊन माणसं साडेबाराला जेवायला यायची. पंगत चौघांची, कारण पाचवा बसला तर वाढणारीला फिरता येत नसे. आम्ही भावंडं तोवर जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायचो. घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत आमटी लागे. कोकणातल्यांचा जीव माशात. शेजारच्या काकूंकडून आई तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं शिकली आणि ते इतकं जमवलं की मालवणकडचे गडी शेवटचा घास पुसून खात. माळकऱ्यांसाठी पातेलं वेगळं, डाव वेगळा. तो डाव चुकून दुसऱ्या पातेल्यात गेला, असं कधी झालं नाही.

एवढं करणारी बाई कामगार मात्र कधी ठरली नाही. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असणं ही अट होती. माझ्या वडिलांचं, आबांचं, नाव होतं, त्यांच्या नावाने आम्ही अर्ज भरला. आईचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. ज्यांच्या कष्टांवर गिरणीची पाळी वेळेवर भरत होती, त्या बायकांची नोंद कुणीच ठेवली नाही, हे मला अजून सलतं.

पगार दहा तारखेला व्हायचा. दाणेवाला, रॉकेलवाला मात्र दहा तारखेपर्यंत थांबत नसत. म्हणून खानावळवाल्या बायका सावकाराकडे जायच्या आणि व्याज भरता भरता मंगळसूत्र गहाण पडायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला चौदाजणींना बँकेचं कर्ज मिळालं. अंगठा उठवणाऱ्या बाईला बँक दारात उभं करते, ही गोष्टच नवी होती. पुढे आईलाही असंच कर्ज मिळालं आणि तिचं मंगळसूत्र गळ्यात परत आलं. प्रेमाताईंचं नाव ती देवाच्या नावासारखं घ्यायची.

खानावळीची वही माझ्याकडे होती. कुणाचे किती दिवस, किती खाडे, किती आले, किती राहिले. आई तोंडी हिशेब इतका पक्का ठेवायची की माझीच चूक ती काढायची. सगळ्यात जास्त बाकी असायची बदलीवाल्यांची. त्यांना रोज गिरणीच्या दारावर उभं राहायचं आणि कुणी कायमचा गडी गैरहजर असला तरच काम मिळायचं. अशा माणसाला आई पंगतीत सगळ्यांत आधी वाढायची. एकदा मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मागनं वाढलं की त्येला वाटतं, उरलंसुरलं आपल्या ताटात आलं." पैशाची आठवण ती चारचौघांत कधी करत नसे. जिन्यापर्यंत सोबत जायची आणि तिथे हळूच विचारायची.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आबाही होते. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. माणसं जेवत होती, मी वहीत लिहीत होतो. होळीच्या सुमारास आई म्हणाली, "दिवस लिव्ह, तारीख लिव्ह. बेरीज मांडू नगंस. बेरीज दिसली की मानूस ताटावर बसायचा न्हाई."

आमटी पातळ झाली, बोंबील बंद झाले. "आज एवढंच हाय, भावजी," असं ती उघड सांगायची आणि आमच्या ताटातही तेवढंच असायचं. मंगळसूत्र पुन्हा गेलं. पेरणीच्या वेळी एकेकजण गावाकडे निघाला, तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत तिची भाकरी-चटणी होती. त्याच वर्षी ताईची शाळा नववीत सुटली. आईच्या हाताखाली कुणीतरी हवं होतं आणि फी भरायला पैसे नव्हते. ताईला ते फार लागलं आणि आईलाही ते ठाऊक होतं. आईच्या मायेची किंमत घरातल्या एका मुलीनेही मोजली, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट खरी होणार नाही.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतलं नाही. काहींनी मनिऑर्डरने थोडे थोडे पैसे पाठवले, एकाने एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं आणलं. काही पुन्हा दिसलेच नाहीत. त्यांचा विषय निघाला की आई म्हणायची, "असतं तर दिलं असतं."

माणसंच उरली नाहीत तशी खानावळ बसली. मग आईने फोर्टातल्या ऑफिसांसाठी पोळी-भाजीचे डबे सुरू केले. काम वाढलं तशी पोळ्या लाटायला संपात घरी बसलेल्या कामगारांच्या बायका तिने बोलावल्या. बाकीचे डबेवाले महिन्याने पैसे द्यायचे. आई रोज संध्याकाळी पोळपाट धुऊन ठेवले की प्रत्येकीच्या हातात त्या दिवसाचे पैसे ठेवायची. दहा तारखेची वाट बघणं काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.