स्क्रूला हात लावण्याआधी

नवं पिस्तूल आलं की पहिल्या आठवड्यात रेंजवर एक वाक्य हमखास कानावर येतं, "मॅडम, पिस्तुलातच काहीतरी गडबड आहे." २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तर ते जास्तच ऐकू येतं. मनू भाकरची दोन कांस्यपदकं आणि आमच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं कांस्य पाहून कितीतरी पालक पोटाला चिमटा काढून मुलांना एअर पिस्तूल घेऊन देऊ लागलेत. परदेशी बनावटीच्या चांगल्या पिस्तुलाला लाखाच्या वर मोजावे लागतात. एवढं करून छर्रा दहाला लागेना की जीव कासावीस होतो आणि हात थेट नेम धरायच्या मागच्या साइटच्या स्क्रूकडे जातो. शिकवताना माझी सगळ्यात जास्त शक्ती तो हात थांबवण्यात जाते.

आधी कागद बघावा. टार्गेटवर पाच-दहा छर्रे मारले की जो पुंजका दिसतो, त्याला आम्ही ग्रुप म्हणतो. ग्रुप घट्ट असेल आणि मध्यापासून बाजूला पडत असेल, तर साइट हलवायची. ग्रुप विखुरलेला असेल तर साइट कितीही फिरवली तरी उपयोग नाही. तिथे हात, पकड, ट्रिगर आणि छर्रे यांची चौकशी करायची.

आकडेच बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलीमीटर. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३४ सेंटीमीटर. नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत एकच मिलीमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटीमीटर सरकतो. दहाचा सात होतो. उलट दोन्ही साइट रेषेत राहिल्या आणि सगळा हातच पाच मिलीमीटर डुलला, तर छर्राही पाचच मिलीमीटर हलतो. म्हणून नजर पुढच्या साइटवर हवी, टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला तरी चालेल. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो. डोळा सारखा टार्गेटकडे धावतो.

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. छर्रे सारखे डावीकडे, खाली. उजव्या हाताच्या नवशिक्याचं हे नेहमीचं दुखणं आहे. ट्रिगर सावकाश मागे न घेता झटक्यानं ओढला, त्याबरोबर सगळी मूठ आवळली, की नळीचं तोंड तिकडेच जातं. वडील म्हणाले, "मॅडम, मी रोज साइटच्या स्क्रूला उजवीकडे आणि वर क्लिक देतोय, तरी हे काही वळणावर येईना. परत करू का?" मी टेबलावर वाळूची पिशवी ठेवली आणि मनगट तिच्यावर टेकवलं. नळी किंवा हवेचा सिलिंडर कधी टेकवू नये, छर्रा भलतीकडे जातो. पाच छर्रे मारले. पाचांचं मिळून एकच फाटकं भोक पडलं, काळ्या गोलाच्या वरच्या उजव्या कडेला. पिस्तूल ठणठणीत होतं. वडिलांनी दिलेले सगळे क्लिक त्या भोकात दिसत होते.

मग तिचा हात पाहिला. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी ग्रिप मोठी घेतलेली. त्यामुळे ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचत होतं आणि ओढताना ते पिस्तुलाला डावीकडे ढकलत होतं. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवता येते. ती मागे घेतली. ग्रिपमध्ये जिथे तळवा टेकत नव्हता तिथे लाकडाची पुट्टी भरली आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली. साइट मूळ जागी आणली. तिला म्हटलं, "आता काही दिवस छर्रा भरायचाच नाही." छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याची सोय या पिस्तुलांत असते, त्याला ड्राय म्हणतात. समोर टार्गेटऐवजी कोरा पांढरा कागद. ट्रिगर सुटताना पुढची साइट जागची हलली का, एवढंच बघायचं.

खरा बिघाडही असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. रात्री काटा पाहून ठेवावा. सकाळी उतरलेला असेल तर गळती आहे, बहुतेक वेळा रबरी ओ-रिंगची. हवा फार कमी झाली की छर्रे खाली पडू लागतात. ग्रिपचा स्क्रू सैल झाला असेल तर ग्रुप रोज नवीन जागी जातो. छर्रे सगळे ४.५ मिलीमीटरचे म्हणवले जातात, पण डब्यावर ४.४९, ४.५० अशी डोक्याची मापं असतात, आणि एका नळीला मानवणारं माप दुसरीला मानवेलच असं नाही. शिसं मऊ असतं, डबा हातातून पडला तर छर्र्यांच्या कडा चेपतात. ट्रिगरचं वजन मात्र घरी कमी करू नये. किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे आणि स्पर्धेत ट्रिगरला तेवढं वजन टांगून पिस्तूल तपासतात.

बिघाड मोठ्या खेळाडूलाही चुकत नाही. २०२१ मध्ये टोकियोत मनूचं पिस्तूल पात्रता फेरीतच बंद पडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ती ५७५ गुणांवर, बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. पहिले आठच पुढे जातात.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पिस्तूल अडकलं की मुलं "मॅडम, हे बघा ना" म्हणत ते हातात घेऊन मागे वळतात. तोंड टार्गेटकडेच ठेवायचं, बोट ट्रिगरबाहेर काढायचं, मोकळा हात वर करायचा आणि तसंच उभं राहायचं. आम्ही येतो.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला एक वही द्या. हवा किती, छर्रे कोणते, साइटला किती क्लिक दिले, हे त्यानं रोज लिहावं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ज्यांचं पिस्तूल अजून यायचं आहे त्यांनी मुलाला आधी रेंजवर घेऊन यावं, दोन-तीन मापांच्या ग्रिप त्याच्या हातात देऊन पाहाव्यात आणि मगच पैसे भरावेत.