बॅकअप झाला, हे कुणी सांगितलं?

३१ जानेवारी २०१७. जगभरातले प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात, त्या गिटलॅबचा राखीव डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या मागे पडला होता. रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी झटणाऱ्या अभियंत्याने ठरवलं की राखीव सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर सरळ रिकामं करायचं आणि मुख्य सर्व्हरवरून सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं. फोल्डर पुसण्याची कमांड मारली गेली, पण मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत घोळ लक्षात आला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

थकलेल्या माणसाच्या हातून असं होतं. मला जास्त विचार करायला लावते ती यानंतरची हकिकत. बॅकअपची सोय एक सोडून पाच प्रकारची होती आणि एकही नीट कामाला आली नाही. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमधली पूर्ण प्रत, घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस मात्र ९.६ चा. जुना प्रोग्राम नव्या डेटाबेसला हात लावत नाही, चूक नोंदवून बाहेर पडतो. तसा तो बाहेर पडत होता. त्याची वर्दी देणारी ई-मेलही निघत होती, पण तिच्यावर लागणारी डिजिटल सही नसल्याने ती वाटेतच नाकारली जात होती. बॅकअप जिथे साठायला हवे होते ती क्लाउडवरची जागा रिकामी होती. अखेर कामी आली ती एका अभियंत्याने सहा तास आधी चाचणीसाठी हाताने घेतलेली डिस्कची प्रत. सेवा पूर्ववत व्हायला अठराएक तास गेले. कंपनीने ही दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि चुकांचा अहवाल जाहीर केला, म्हणून तर आपल्याला हे तपशील कळले.

डेटाबेस आता मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. सीएच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या जुन्या पीसीवरही तो चालू असतो. घरचे फोटो सांभाळणारं 'इमिच'सुद्धा 'पोस्टग्रेस' या डेटाबेसवरच चालतं. उबुंटूवर पोस्टग्रेस बसवायला एका ओळीची कमांड पुरते. वेगळा वापरकर्ता तयार होतो, डेटाचं फोल्डर बनतं, सेवा सुरू होते आणि सर्व्हर चालू झाला की आपोआप चालू होण्याची तजवीजही होते. बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी ज्या प्रकल्पाला हात घातला, त्याचं हे आजचं फुकट मिळणारं रूप.

लाइट गेल्यावर काय होतं? पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितं. तो डिस्कवर पक्का उतरला की मगच 'झालं' म्हणतं आणि मूळ तक्ते सवडीने बदलतं. दुकानदार रोजकीर्दीत नोंद करतो आणि खतावणी मागाहून भरतो, तसंच. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ते लॉग वाचतं आणि राहिलेल्या नोंदी खतावून टाकतं. अट एकच, डिस्कने खोटं बोलू नये. काही स्वस्त डिस्क डेटा अजून स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत असतानाच 'लिहिला' म्हणून मोकळ्या होतात. त्यावर यूपीएस हा बरा उपाय. वेग वाढतो म्हणून 'एफसिंक' हे नोंद डिस्कवर पक्की उतरवणारं सेटिंग बंद करण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो ऐकू नये.

दुसरा मोह पोर्टचा. नव्याने बसवलेलं पोस्टग्रेस फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामांशी बोलतं. दुसऱ्या पीसीवरून जोडणी होईना की माणूस वैतागून सगळे पत्ते खुले करतो, राउटरवर ५४३२ क्रमांकाचं पोर्टही उघडून ठेवतो. गिटलॅबच्या त्याच जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस असेच पासवर्डविना इंटरनेटवर उघडे सापडले. ते रिकामे करून मागे बिटकॉइनच्या खंडणीची चिठ्ठी ठेवलेली होती. काहींनी पैसे भरले तरी डेटा आला नाही. कारण चोरांनी तो घेतलाच नव्हता, नुसता पुसला होता.

आता या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याकडे वळू. बर्लिनच्या साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये मॅट प्राउड आणि ज्युलियस वोल्झ या गूगलमधून आलेल्या दोघांनी 'प्रोमिथियस' लिहायला घेतलं. गूगलच्या आतल्या 'बोर्गमॉन'वरून ते सुचलेलं. प्रत्येक सर्व्हरवर 'नोड एक्सपोर्टर' नावाचा छोटा प्रोग्राम बसवायचा. तो ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर एक साधं पान ठेवतो, ब्राउझरमध्ये उघडून वाचता येईल असं. त्यावर ओळीने आकडे: डिस्कवर किती बाइट मोकळे, मेमरी किती उरली, प्रोसेसर किती सेकंद कामात होता. प्रोमिथियस ठरावीक अंतराने येऊन ते पान वाचून जातं. सर्व्हरने आपणहून आकडे पाठवायचे, अशी उलट रीतही असते, पण मला ही जास्त पटते. आकडे यायचे थांबले तर सर्व्हर मेला की नुसता गप्प आहे, हे उलट रीतीत पटकन कळत नाही. इथे विचारणा करूनही उत्तर नाही, ही स्वतःच एक नोंद होते. 'अप' नावाचा आकडा १ वरून ० वर येतो.

एवढे आकडे ठेवायचे कुठे? एका सर्व्हरची हजार मोजमापं धरू. दर १५ सेकंदांनी एक वाचन म्हटलं तर दिवसाच्या नोंदी ५७ लाख ६० हजार. प्रत्येक नोंदीत एक वेळ आणि एक मूल्य, दोन्ही ६४ बिटांची, म्हणजे १६ बाइट. पंधरा दिवसांत जवळजवळ १.४ जीबी, तेही एकाच मशीनचे. फेसबुकच्या अभियंत्यांनी 'गोरिला' या प्रणालीसाठी शोधलेली आणि २०१५ मध्ये मांडलेली युक्ती इथे कामाला येते. मागच्या दोन नोंदींत अंतर १५ सेकंदांचं होतं, आताचंही १५ च. फरकातला फरक शून्य, आणि शून्य लिहायला एक बिट पुरतो. फेसबुकच्या मोजणीत ९६ टक्के नोंदींची वेळ अशी एकेका बिटात बसली. मूल्याचंही तसंच. नवा आकडा मागच्या आकड्याशी बिटाला बिट लावून ताडायचा. दोन्ही सारखे निघाले तर पुन्हा एकच बिट, नाहीतर जो मधला तुकडा बदलला तेवढाच लिहायचा. फेसबुकच्या नोंदींत निम्म्याहून अधिक मूल्यं जशीच्या तशी होती आणि १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांवर आली. प्रोमिथियसने हीच युक्ती थोड्या फेरफाराने घेतली. त्याला एक ते दोन बाइट लागतात, म्हणजे आपले पंधरा दिवस फार तर पावणेदोनशे एमबीत मावतात. सगळं घडतं ते एका साध्या गोष्टीमुळे: बहुतेक वेळ सर्व्हरवर नवं काही होतच नाही.

या आकड्यांची चित्रं काढणारं 'ग्राफाना' २०१४ मध्ये टॉर्केल ओडेगार्ड यांनी आणलं. रंगीत आलेख भिंतीवरच्या स्क्रीनवर लावून ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. असू द्यावी, पण आठवड्याभरात त्याकडे बघणं बंद होतं. राबतात ते अलर्ट. डिस्क ९० टक्के भरली, एवढ्यावरून बोंब मारण्यात अर्थ नाही. काही डिस्क वर्षानुवर्षं तिथेच असतात. प्रोमिथियसला मोकळ्या जागेच्या गेल्या काही तासांच्या बिंदूंतून सरळ रेषा काढून ती चार तासांनी कुठे पोचेल, हे विचारता येतं. रेषा शून्याखाली जात असेल तर तेव्हा जागं करावं, कारण लॉग लिहायला जागा उरली नाही की पोस्टग्रेस सरळ बंद पडतं.

बॅकअपचा अलर्टही असाच उलटा लावावा. 'फसला तर कळव' असं सांगू नये, कारण कळवणाराच फसलेला असू शकतो. बॅकअपच्या स्क्रिप्टने यशस्वी शेवटानंतर ती वेळ एका फाइलमध्ये लिहावी. नोड एक्सपोर्टर ती वाचतो. ती वेळ २६ तासांहून जुनी झाली, किंवा आकडाच दिसेनासा झाला, की अलर्ट. शिवाय आठवड्यातून एकदा तोच डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून पाहावा आणि शेवटच्या नोंदीची तारीख काय निघते ते त्याच फाइलमध्ये टाकावं. एवढं केलं तर 'फाइल आहे पण उघडत नाही' हा प्रकार आधीच उघड होतो.

मग प्रोमिथियसच बंद पडलं तर? त्यासाठी कायम वाजत राहणारा एक अलर्ट मुद्दाम लावतात. तो दर काही मिनिटांनी घराबाहेरच्या एखाद्या सेवेकडे जातो आणि ती सेवा तो यायचा थांबला की फोन वाजवते. लाइट जाऊन सर्व्हर, राउटर, प्रोमिथियस सगळंच एकदम झोपलं तरी हा फोन येतो. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे टाकलेल्या घरांत तो पहिल्याच महिन्यात बऱ्याचदा येईल, आणि मग सर्व्हर आणि राउटरची वायर इन्व्हर्टरवर घ्यायला इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागेल.